आरोपी खेकडा हजर हो!

माझी रास कर्क. ही गोष्ट मी आपणहून कुणाला सांगत नाही. पण बँकेत कुठलीच गोष्ट फार दिवस गुप्त राहत नाही. ग्राहकाच्या खात्यातली शिल्लक तेवढी गुप्त राहते, आणि तीसुद्धा पासबुक भरून घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या ग्राहकापासूनच.

मी मूळचा सांगलीचा. बी. कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. पहिली नेमणूक मिळाली ती सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या एका घाटाजवळच्या गावात. बँकेचं नाव सांगत नाही, कारण तिच्याकडून माझी ग्रॅच्युइटी अजून यायची आहे. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शाखेत कॉम्प्युटर आलेला होता, पण त्याला नव्या नवरीसारखं प्लॅस्टिकच्या बुरख्यात ठेवलं होतं आणि सगळा संसार लेजरच ओढत होतं. जून महिन्यातल्या एका संध्याकाळी हिशेब जुळेना. पाचशे चाळीस रुपयांचा फरक. आमच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "अहो, हे व्हायचंच. कर्क राशीचा माणूस. खेकडा! वाकडाच चालायचा."

रात्री साडेनवापर्यंत मी बेरजा करत बसलो. आता, वाणिज्य शाखेच्या पदवीधराला आयुष्यात कधी उपयोगी पडेल असं जे एखादं ज्ञान असतं, त्यातलं एक असं, की फरकाला नऊने नि:शेष भाग गेला तर समजावं, कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली आहे. पाचशे चाळीसला नऊने भाग जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नोंद सापडली. बाराशे ऐंशीचे अठराशे वीस झाले होते. अक्षर साहेबांचं होतं. साहेब म्हणाले, "सापडलं ना? बरं झालं," आणि चहाला गेले. फरक मिटला. माझं नाव मात्र त्या शाखेतून बदली होईपर्यंत 'खेकडा' हेच राहिलं.

फरक सापडला नव्हता त्या रात्री शाखेचं शटर ओढताना आमचे शिपाईमामा म्हणाले, "सायेब, त्ये तुमाला खेकडा म्हन्त्यात. खेकडा कदी बगितलाय का?"

मी विचार केला. सांगलीच्या मासळी बाजारात नांग्या सुतळीने बांधलेले बघितले होते, आणि वर्तमानपत्रात राशिभविष्याच्या चौकटीत बघितला होता. हिंडता-फिरता, चालता-बोलता खेकडा काही मी पाहिलेला नव्हता.

"मंग चला," मामा म्हणाले. "पयला पाऊस झालाय. आज निगतील."

निघाले. हातात बॅटरी, खांद्यावर गोणपाट, पुढे मामा आणि मागे पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला बी. कॉम., अशी आमची वरात ओढ्याकडेने चालली. भातखाचराच्या बांधावर बॅटरीचा झोत पडला तसा एक काळपट, हाताच्या पंजाएवढा गृहस्थ दोन्ही नांग्या वर करून उभा राहिला. पळाला नाही. 'काय कारवाई करायची ती करा' असाच पवित्रा. असे बाणेदार मी आमच्या युनियनमध्येही पाहिलेले नाहीत. मामांनी मागून पाठीवर बोट दाबून त्याला अलगद उचललं आणि गोणपाटात टाकलं. असे सात-आठ झाले. मग एक जरा मोठा सापडला. मामांनी तो उलटा केला, पोटाखालची रुंद झडप अंगठ्याने किंचित उघडली आणि बॅटरी जवळ आणली. आत वाटाण्याहून लहान असे कितीतरी खेकडे वळवळत होते. पाय, नांग्या, डोळे, सगळं जागच्या जागी. आईच्या पोटाला बिलगून बसले होते.

"लेकुरवाळी हाय," मामा म्हणाले. "हिला न्ह्यायची नाय." आणि त्यांनी ती जिथून उचलली होती तिथेच, तोंड बिळाकडे करून, खाली ठेवली.

त्या रात्री मामांच्या घरी रस्सा झाला. मामींनी नांग्या पाट्यावर ठेचून त्यांचा रस गाळून घेतला आणि कालवणात ओतला. सर्दी पळते म्हणाल्या. माझी सर्दी पळाली. तरी जेवताना डोळ्यांसमोर ती लेकुरवाळी येत होती, आणि 'खेकडा' या शिवीचा आणि तिचा काही मेळ बसत नव्हता. त्या रात्रीपासून मी खेकड्याचं वकीलपत्र घेतलं. मर्कंटाइल लॉच्या पेपरात मला बेचाळीस मार्क होते. एवढ्या कायद्यावर माणसाचा खटला चालवता येत नाही, पण खेकड्याला दुसरा कुणी मिळत नव्हता.

आता वकिलाने आधी अशिलाची माहिती काढावी. ती काढायला मी बसलो आणि लक्षात आलं की माझा अशील फार जुन्या घराण्यातला आहे.

सह्याद्रीचा हा जो काळा दगड आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. त्या दगडाच्या फटीत, ओढ्यात, सड्यावरच्या डबक्यात आणि भाताच्या बांधात खेकडे राहत आले. आपण सातारकर-सांगलीकर 'आम्ही इथले मूळचे' म्हणतो ते फार फार तर चार-पाच पिढ्यांच्या हिशेबाने; सात-बाराच्या उताऱ्यावर त्याच्या मागे कुणाचं नाव लागत नाही. पण त्याच्याबद्दल लिहून ठेवावं असं आपल्याला काही वाटलं नाही. आपण त्याला दोन ठिकाणी घातला, राशीचक्रात आणि रश्श्यात. लिहिलं ते बाहेरून आलेल्यांनी.

पहिली साक्ष एका बिशपची. रेजिनाल्ड हेबर हे कलकत्त्याचे बिशप. १८२५ साली मुंबईहून घाट चढून पुण्याला आले. पावसाळ्याचे दिवस. सगळा मुलूख पालथा घालणारा हा माणूस वाटेत थांबून काय बघतो, तर गवतातले खेकडे. त्याने टिपून ठेवलंय, की हे बारके खेकडे बसल्या बैठकीला नांगीने गवताच्या, भाताच्या काड्या कापतात, आपल्या अंगाएवढी पेंढी बांधल्यासारखी उचलतात आणि तुरुतुरु बिळाकडे नेतात. बिशपसाहेबांना त्याची मोठी गंमत वाटली. पुढच्याच वर्षी, १८२६ मध्ये, ते त्रिचनापल्लीला वारले आणि ही प्रवासाची हकिकत त्यांच्यामागे छापली गेली. म्हणजे आरोपीबद्दलचा जुना लेखी पुरावा आहे तो असा: कष्टाळू इसम, वैरण घेऊन घरी जाताना आढळला.

दुसरी साक्ष आमच्याच जातीच्या माणसाची. जात म्हणजे आकडेमोडीची. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी. त्याला १८२४ साली मुंबई सरकारने 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' म्हणून नेमलं. दख्खनची शिरगणती करायची. किती गावं, किती माणसं, किती बैल, कुठे काय पिकतं. १८३१ पर्यंत तो हे मोजत हिंडला. पण मोजणाऱ्या माणसाला एकदा मोजायची चटक लागली की तो थांबत नाही. आमचे एक हेडकॅशियर रिटायर झाल्यावर घरात पोळ्या मोजायचे. साइक्सने माणसं मोजता मोजता पक्षी मोजले, मासे मोजले, आणि दख्खनच्या जमिनीवरच्या खेकड्यांचीही नोंद घेतली. पुढे विलायतेत स्टॅटिस्टिकल सोसायटी निघाली, १८३४ साली, तिच्या संस्थापकांत हा होता. पुढे तो कंपनीच्या डायरेक्टरांचा चेअरमनही झाला. खेकड्याने कुणाची प्रगती अडवली, असा एकही दाखला इथे मिळत नाही.

साइक्सने नेलेल्या खेकड्याचं बारसं १८३६ साली वेस्टवूड नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने केलं. नाव ठेवलं 'क्युनिक्युलॅरिस'. लॅटिनमध्ये क्युनिक्युलस म्हणजे ससा, आणि भुयारालाही तोच शब्द. पूर्वी किल्ल्याच्या तटाखाली सुरुंगासाठी भुयार खणणाऱ्याला त्यावरूनच नाव पडलं होतं. म्हणजे बघा, आमच्या घाटातल्या साध्यासुध्या खेकड्याच्या कपाळावर शास्त्राने बारशालाच 'भुयार खणणारा' असा शिक्का मारून ठेवला. हा शिक्का पुढे एकशे त्र्याऐंशी वर्षांनी त्याच्या अंगाशी येणार होता, पण ते मागून सांगतो.

आणखी एका खेकड्याच्या नावात व्हिक्तोर जाकमाँ नावाचा तरुण फ्रेंच निसर्गतज्ज्ञ आहे. हा हिंदुस्थानभर हिंडला आणि १८३२ साली मुंबईत वारला, वय एकतीस. पुढे १९१० साली आल्कॉक नावाच्या एका लष्करी डॉक्टरने हिंदुस्थानातल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची यादी कलकत्त्याला छापली. १९७० मध्ये बॉट नावाच्या शास्त्रज्ञाने आपल्या घाटातल्या एका कुळाला 'गुबर्नाटोरियाना' म्हटलं. गुबर्नाटोर म्हणजे सुकाणू धरणारा, कारभारी, गव्हर्नर. जो प्राणी ज्या दिशेला तोंड आहे त्या दिशेला जात नाही त्याला कारभाऱ्याचं नाव द्यायचं, हे बॉटसाहेबांना कसं सुचलं कोण जाणे. त्यांनी आमची ग्रामपंचायत पाहिली असण्याचा संभव नाही.

आणि ही यादी अजून संपलेली नाही. पुण्याला झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं केंद्र आहे. तिथले समीर कुमार पाटी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली सह्याद्रीतल्या खेकड्यांचं एक नवंच कुळ जाहीर केलं आणि त्याला नाव दिलं 'घाटियाना'. आपल्या घाटावरून! मग २०१६ साली याच लोकांनी आणि तेजस ठाकरे यांनी मिळून पश्चिम घाटातल्या आणखी पाच नव्या जाती जाहीर केल्या. त्यांतल्या काहींचे रंग असे, की जांभळा आणि नारिंगी एकत्र नेसायला आमच्या घरातही कुणी धजणार नाही. आज भारतात गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या शंभराहून जास्त जाती माहीत आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी या घाटांशिवाय जगात कुठेच नाहीत.

एवढ्या जाती कशामुळे? याचं उत्तर मला त्या रात्री मामांच्या अंगठ्याखाली दिसलेलं होतं. तेव्हा ते कळलं नव्हतं, एवढंच.

समुद्रातल्या मंडळींचा संसार वेगळा. खाडीतली चिंबोरी अंडी घालते ती लाखांनी. त्यांतून निघालेलं पिल्लू आईसारखं दिसत नाहीच, खेकड्यासारखंही दिसत नाही. डोळे वटारलेला, काटा उगवलेला, पाण्यात तरंगणारा एक ठिपका. लाटेबरोबर वाहत, कात टाकत, रूप बदलत त्यातला हजारात एखादा खेकडा होतो. रत्नागिरीची शेवंड, जिला हॉटेलवाले लॉब्स्टर म्हणतात आणि नुसतं नाव घेतल्याचे पैसे लावतात, तिचं पिल्लू तर काचेच्या पानासारखं पारदर्शक असतं आणि कित्येक महिने उघड्या समुद्रात भटकतं. कृष्णेला पुढे आंध्रात जो मोठा झिंगा मिळतो तो राहतो नदीत, पण पिल्लांना खाडीचं मचूळ पाणी लागतं, म्हणून मादी प्रवाहाबरोबर खाली जाते आणि पिल्लं मोठी झाली की पुन्हा उलटी नदी चढतात. मध्ये धरण आलं की बदली रद्द. तिकडे ख्रिसमस आयलंड नावाच्या बेटावर लाल खेकडे जंगलात राहतात, पण वर्षातून एकदा कोट्यवधींनी समुद्राकडे निघतात, आणि त्यांच्यासाठी चक्क रस्ते बंद ठेवतात, पूल बांधतात. आपल्याकडे असा मान फक्त मंत्र्यांना मिळतो.

आमच्या घाटातल्या खेकड्याने समुद्राशी संबंधच तोडला. महाबळेश्वरहून अरबी समुद्र सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर. पण तिथे उगवलेली कृष्णा त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला वळते आणि चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. ऑफिसातली फाइल शेजारच्या टेबलावर जायला हेडऑफिसवरून येते, तसंच. हा द्राविडी प्राणायाम पिल्लांच्या नशिबी नको म्हणूनच की काय, घाटातल्या खेकडीने मधली सगळी रूपं अंड्यातच उरकून टाकली. तिची अंडी मोठी, आणि संख्या शेकड्यांतच. ती पोटाखालच्या झडपेत धरायची. त्यांतून पिल्लू निघतं ते पूर्ण खेकडा होऊनच. मग तेही काही दिवस तिथेच, आईला धरून. पाऊस, पूर, बगळा, साप, सगळ्यांतून ती त्यांना घेऊन हिंडते. अशी पिल्लं लांब कुठे जाणार? ज्या ओढ्यात जन्म त्याच ओढ्यात संसार. एका डोंगराची दुसऱ्या डोंगराशी सोयरीक नाही. लाखो वर्षं असं गेलं आणि खोऱ्या-खोऱ्याचा खेकडा निराळा झाला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्यात आपलं कास, कोयना आणि चांदोलीही आलं. तिथले फुलांचे फोटो सगळे काढतात. फुलांच्या मुळाशी दगडाखाली कोण बसलंय ते बघायला मात्र खाली वाकावं लागतं, आणि चाळिशीनंतर ते होत नाही.

असा माझा अशील. आता आरोपपत्र.

आरोप पहिला: आरोपी वाकडा चालतो. हा आरोप मी चालताचालताच निकालात काढतो. खेकड्याच्या पायांचे सांधे आडवे वाकतात, तेव्हा तो आडवा चालतो. त्याच्या दृष्टीने ते सरळच आहे. पंचतंत्र काढून बघा. बगळा तळ्यातल्या माशांना 'दुसऱ्या तळ्यात नेतो' म्हणून फसवून खात असतो. त्याची मान कापतो तो खेकडा. दुसऱ्या एका गोष्टीत ब्राह्मण परगावी निघतो, आई म्हणते एकटा जाऊ नकोस, आणि सोबतीला एक खेकडा देते. तो कापराच्या डबीत ठेवून तो झाडाखाली झोपतो. कापराच्या वासाने साप डबीकडे वळतो आणि खेकडा त्याला संपवतो. दोन्ही गोष्टींत सरळ वागलेला एकटाच आहे. ही गोष्ट मी आमच्या साहेबांना सांगणार होतो, पण तेवढ्यात त्यांची बढतीवर बदली झाली. पुढे न जाता बाजूने वर कसं जावं हे ज्यांना साधलं, त्यांनी दुसऱ्याला वाकडा म्हणू नये.

आरोप दुसरा: आरोपी पाय ओढतो. ही गोष्ट तुम्ही शंभर वेळा ऐकलीय. निर्यातीच्या खेकड्यांच्या टोपल्या. बाकी सगळ्यांवर झाकणं, एकीवर नाही. का, तर म्हणे त्यांत मराठी खेकडे आहेत, एक वर चढला की दुसरा त्याला खाली ओढतो. सत्काराला, निरोपाला, गणपतीच्या व्याख्यानाला, मराठी उद्योजकांच्या मेळाव्याला ही गोष्ट सांगितली नाही तर अल्पोपाहार मिळत नाही. आता मी स्वत: टोपलीपाशी अर्धा तास बसून पाहिलंय. टोपलीत धरायला दगड नसतो, फट नसते. म्हणून खेकडा धडपडत मिळेल ते धरतो आणि त्याच्यावरून चढायला बघतो. जे मिळतं ते दुसऱ्याचा पाय असतं. ओढायचं त्याच्या मनात नसतं, त्याला वर यायचं असतं. हेच खेकडे ओढ्यात आपापल्या दगडाखाली असतात, तिथे कुणी कुणाचा पाय धरून बसलेला मला दिसला नाही. इतकी वर्षं ही गोष्ट चालू आहे, पण त्यांना टोपलीत घातलं कुणी, हे एकाही वक्त्याने विचारलेलं मी ऐकलं नाही.

आरोप तिसरा. इथे जरा गंभीर व्हावं लागेल.

२ जुलै २०१९. आमच्या पाटण तालुक्यातून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. त्या तालुक्यातलं तिवरे गावचं मातीचं धरण त्या रात्री फुटलं. खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास माणसं गेली. झोपेच्या वेळी, घरांसकट. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच सांगितलेलं होतं. आणि दोनच दिवसांनी राज्याच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितलं, की धरणाला खेकड्यांनी पोखरलं.

क्युनिक्युलॅरिस! भुयार खणणारा! एकशे त्र्याऐंशी वर्षांचा जुना शिक्का कामाला आला.

मग महाराष्ट्रात व्हायचं ते सगळं झालं. विरोधकांनी खेकडे घेऊन पोलीस ठाणं गाठलं, यांना अटक करा म्हणाले. वर्तमानपत्रांत व्यंगचित्रं आली. मीही हसलो. मग मला त्या हसण्याचीच लाज वाटली. पलीकडे माणसं चिखलात आपली माणसं शोधत होती. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटलं, तेव्हा चौकशी आयोग बसला होता. कितीही झालं तरी माणसांचीच चौकशी झाली. तेव्हा खेकड्याचं नाव कुणाला सुचलं नव्हतं. मधल्या काळात आपण तेवढी प्रगती केली म्हणायची.

मी मामांना फोन लावला. मामा रिटायर होऊन शेती बघत होते. पलीकडून पावसाचा आवाज येत होता.

"मामा, पेपर वाचला का? खेकड्यांनी धरण फोडलं म्हणे."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मला वाटलं लाइन गेली.

"सायेब," मामा म्हणाले, "खेकडं भोक पाडतंय, ह्ये खोटं न्हाई. माज्या बांदाला दरसाल पाडतंय. म्हणून मी दरसाल बांद लिंपतोय. माजा बा बी लिंपायचा. खेकड्यानं त्येचं काम करायचं, आमी आमचं. आता लिंपायचं ज्येचं काम हुतं त्येनं लिंपलं न्हाई, तर त्यात खेकड्यानं काय करावं?"

इतकी वर्षं मी जे वकीलपत्र घेऊन हिंडत होतो ते मामांनी चार वाक्यांत चालवून संपवलं. मला एकदम आमचं लेजर आठवलं. आकडा कुणाच्याही हातून उलटा पडतो. म्हणून तर एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं आणि खाली दोघांनी सही करायची. सही ज्याची त्याने विचारायचं, आणि ज्याला विचारायचं त्यानेच जर 'खेकडा' म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवलं, तर पाचशे चाळीस रुपयांचा फरक सकाळी सापडतो. तिवऱ्याचा फरक कुठल्या सकाळी सापडायचा?

त्यानंतर महिन्याभरात पाणी आमच्याच दारात आलं. ऑगस्ट २०१९. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली. आमच्या घराच्या तळमजल्यात छातीइतकं पाणी होतं. आठवडाभराने परतलो तेव्हा गल्लीभर चिखल, आणि चिखलापेक्षा जास्त चर्चा. कुणी म्हणे वरच्या धरणवाल्यांचं चुकलं, कुणी म्हणे खालच्या. नदीच्या पात्रात भराव घालून बंगले बांधणारे त्या चर्चेत सर्वांत पुढे होते. मी जिन्याखालचा चिखल फावड्याने ओढत होतो, तर तिसऱ्या पायरीवर एक खेकडा. कुठल्या खोऱ्यातून वाहत आला होता कोण जाणे. एक पाय तुटलेला. तो त्यांना पुन्हा फुटतो, दोन-चार काती टाकल्या की. मला पाहून त्याने दोन्ही नांग्या वर केल्या.

"अहो, याला काय करायचं?" आमच्या सौ.ने झाडू उगारून विचारलं. तिचं माहेर मिरजेचं, शुद्ध शाकाहारी.

"काही नाही," मी म्हटलं. "पूरग्रस्त आहे. नाव कुठल्याच यादीत नाही." आणि बादलीत घालून त्याला घाटावर सोडून आलो.

परवा आमच्या शाखेतल्या एका अधिकाऱ्यांचा निरोपसमारंभ झाला. फोटो झाले, नारळ झाला, आणि मुख्य पाहुणे बोलायला उठले. म्हणाले, "आपल्याकडे एक गोष्ट सांगतात. एक व्यापारी होता. त्याच्याकडे खेकड्यांच्या टोपल्या होत्या..."

मला राहवलं नाही. मी उभा राहिलो. म्हटलं, "माफ करा, पण त्या टोपलीबद्दल मला दोन शब्द सांगायचेत." आणि हेबरसाहेबापासून सुरुवात केली. साइक्सपर्यंत आलो होतो, वेस्टवूड व्हायचा होता, लेकुरवाळी तर पुढेच होती. सभा अगदी शांत होती. बटाटेवडे गार होत होते.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या आमच्या सौ.ने माझा सदरा धरून मला खाली ओढलं.